मागच्या जोडीतला उजवा

एप्रिलमध्ये आमचं कॅरी गाव पिवळं होतं. पाइनच्या झाडांचे पराग मोटारींवर, पायऱ्यांवर, पोस्टाच्या पेटीवर बसतात आणि बोट फिरवलं तर हळदीसारखे लागतात. २००८च्या अशाच एका पिवळ्या सकाळी स्वीडनहून पाकीट आलं. आत पातळ पुस्तक होतं. मुखपृष्ठावर तोफ ओढणाऱ्या घोड्यांचं रेखाचित्र. एका बरखास्त झालेल्या तोफखाना रेजिमेंटचा इतिहास, तिच्या जुन्या सैनिकांनी सांगितलेला. सगळा मजकूर स्वीडिशमध्ये, शेवटचं प्रकरण तेवढं इंग्रजीत. त्या प्रकरणाखाली सांगणाऱ्याचं नाव होतं आणि त्याखाली आणखी बारीक अक्षरांत लिहून घेणारीचं. ते नाव माझं. स्पेलिंग बरोबर होतं. आधी तेच पाहिलं.

मग पुस्तक नाकाशी नेलं. नव्या शाईचा वास कुठेही सारखाच असतो. पण या वासाच्या मागून दुसरा वास आला, उकडलेल्या वाटाण्यांचा आणि ओल्या लोकरीचा. तो वास ट्रॉयचा.

ट्रॉयला आम्ही २००३च्या ऑगस्टमध्ये आलो. मिलिंद, माझा नवरा, डेट्रॉइटच्या मोटारवाल्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करायचा. सकाळी साडेसातला निघायचा, संध्याकाळी सातला परतायचा. त्याच्या व्हिसावर मी आले होते आणि त्या व्हिसावर बायकोला काम करायची परवानगी नव्हती. त्याआधी नऊ वर्षं मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. नऊ वर्षं कानांत फोनच्या घंटा, ओरडून मागितलेले मथळे, चहाचे पेले, आणि रात्री छपाई सुरू झाली की जमिनीतून तळपायांना येणारी थरथर. ट्रॉयच्या फ्लॅटमध्ये आवाज एकच होता, फ्रिजचा. तो दर बावीस मिनिटांनी सुरू व्हायचा. हे मी घड्याळ लावून पाहिलं होतं.

पानं गळाली. नोव्हेंबरात पहिलं बर्फ पडलं. मिलिंद फोन करून विचारायचा, "काय करतेयस?"

"डेस्कवर आहे."

"कॉपी कशी आहे आज?"

"रद्दी."

दोघं हसायचो. डिसेंबरपर्यंत हा विनोद संपला होता.

इमारतीच्या तळघरात चार वॉशिंग मशिनं आणि चार ड्रायर होते. तिथे ऊब असायची आणि ड्रायरच्या पत्र्यावर शर्टांची बटणं वाजत राहायची. फ्रिजपेक्षा ते बरं होतं, म्हणून मी कपडे थोडे थोडे धुवायची. तिथेच एके दिवशी एक उंच, वाकलेला म्हातारा मशिनच्या बटणाला नाक लावून उभा होता. वळून म्हणाला, "तुझे डोळे चांगले आहेत का?" नमस्कार नाही, नाव नाही.

"हो."

"मग हे गरम पाण्यावर आहे की थंड?"

गरमवर होतं. त्याने आतले स्वेटर घाईने बाहेर ओढले. "गेल्या आठवड्यात एक स्वेटर बाहुलीला देण्यासारखा झाला," तो म्हणाला.

तो निल्स, तळमजल्यावर एकटाच राहणारा. वय अठ्ठ्याहत्तर. तिशीच्या आत स्वीडनहून आला, मोटारींच्या कारखान्यांसाठी हत्यारं घडवली, निवृत्त झाला, बायको वारली. दृष्टीचा मधला भाग गेला होता, कडेकडेचं दिसायचं. माणसाकडे पाहायचं असेल तर तो त्याच्या खांद्याकडे बघायचा. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत हे मी त्याला सांगितलं आणि त्या दिवसापासून तो माझ्यासाठी निल्सकाका झाला. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीतलं.

त्या दिवशी काकांनी खिशातून पत्र काढलं. "वाचशील?"

"मला स्वीडिश येत नाही."

"मला दिसत नाही. दोघांचा मिळून एक माणूस होतो का पाहू."

खेड्यापाड्यांतल्या वार्ताहरांकडून फोनवर आडनावं अक्षर अक्षर करून घ्यायची मला सवय होती. तीच उलटी चालवली. मी एकेक अक्षर वाचलं, दोन टिंबांचा ओ, गोल टोपीचा ए, आणि काकांनी डोळे मिटून शब्द जुळवले. ड्रायरच्या दोन फेऱ्या झाल्या. पत्र पूर्ण वाचलं तरी त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"आमची रेजिमेंट मोडली," काका म्हणाले. "म्हणजे ती केव्हाच मोडली, ते मला माहीत होतं. आता बराकीही विकल्या. पागेत कंप्युटरवाले बसतात." माझ्या खांद्याकडे पाहून ते म्हणाले, "तुझ्या नवऱ्यासारखे."

जुन्या सैनिकांची संघटना पुस्तक काढणार होती. घोड्यांनी तोफा ओढण्याचा काळ आठवणारे थोडेच उरले होते, आणि काकांच्या तोफेवरचं तर दुसरं कोणीच नाही. आठवतं ते कळवा, कुठल्याही भाषेत चालेल, असं पत्रात होतं. काकांना लिहिता येत नव्हतं. मुलगी करीन मिनेसोटात, तिला स्वीडिश येत नव्हतं आणि वेळही नव्हता.

"तू काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आधी वर्तमानपत्रात होते."

"रेडाक्तर," काका म्हणाले. म्हणजे त्यांच्या भाषेत संपादक. अमेरिकेत मला पहिल्यांदाच कोणी तरी माझ्या कामाच्या नावाने हाक मारली.

बैठक गुरुवारी ठरली. स्वीडनच्या सैन्यात गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक करायची रीत, आणि काकांनी ती अमेरिकेत पन्नास वर्षं पाळली होती. माझा गुरुवारचा उपवास असायचा. पहिल्या गुरुवारी मी नुसतं पाणी प्यायले.

"उपवास करणाऱ्याला आम्ही पहाऱ्यावर पाठवायचो," काका म्हणाले. "तिथे भूक लागते."

तिसऱ्या महिन्यात उपवास सुटला. माझ्यासाठी डुकराचं मांस न घालता वेगळं पातेलं चढायचं. एकदा मी त्याला हिंग-मोहरीची फोडणी दिली. काकांनी चमचा तोंडात धरून बराच वेळ विचार केला. "रेजिमेंटने बंड केलं असतं," ते म्हणाले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

खिडकीबाहेर पार्किंगची जागा होती. हिवाळ्यात तिथे बर्फ ढिगांनी लोटलेलं असायचं. मे महिन्यात कुंपणाशी लायलॅक फुलायचं आणि खिडकी उघडली की त्याचा वास वाटाण्यांच्या वासात मिसळायचा. उन्हाळ्यात पोरं सायकली फिरवायची, आणि मग पुन्हा पानं. हे सगळं दोनदा झालं. आत, टेबलाच्या एका बाजूला काका बोलत असायचे आणि दुसऱ्या बाजूला मी पिवळ्या कागदांच्या पॅडवर लिहून घ्यायची.

घोड्यांच्या अंगाची वाफ पागेच्या छताला लागून थेंब पडायचे. डांबर, चामडं, आणि कॉफीच्या नावाखाली उकळलेली कसली तरी मुळं. काका वर्णन करायचे आणि माझ्या डोक्यात मराठी शब्द आधी उभे राहायचे, पागा, खरारा, तोबरा, रिकीब. हे शब्द मी नागपुरात कधी बोलले नव्हते. मिशिगनमध्ये ते आपोआप आले, आणि मी त्यांचं इंग्रजी शोधत बसायची. शिकवून तयार झालेले घोडे वर्षातला बराच काळ शेतकऱ्यांकडे नांगराला असायचे आणि कवायतीच्या दिवसांत परत यायचे. ते रस्त्याच्या वळणावरूनच पागा ओळखायचे आणि धावत सुटायचे. शेतकऱ्याची मुलं मागे रडत उभी राहायची.

लढाई नव्हती. काका सैन्यात होते तेव्हा आजूबाजूचे सगळे देश लढून पोळले होते आणि त्यांची रेजिमेंट बर्फात सीमेच्या अलीकडे उभी होती. तोफ डागली ती दलदलीत, सरावासाठी.

"मग तुम्ही केलं काय?" मी विचारलं.

"वाट पाहिली. त्यात आमचा हात धरणारं कोणी नव्हतं."

यात बातमी नव्हती. डेस्कवर ही कॉपी आली असती तर मी चार ओळी केल्या असत्या. आमचे चीफ सब-एडिटर वसंतराव फोनवर वार्ताहराला म्हणायचे, "कथा नको राजा, बातमी सांग." तालुक्याचा वार्ताहर आधी नमस्कार करायचा, जेवण झालं का विचारायचा, मग गावाची हकीकत, मग सरपंचाची. तोवर पेन खाली ठेवायचं. मुद्दा आला की उचलायचं. आम्ही लिहून घेता घेताच कापायचो. अख्खं लिहून मग कापणं हे नवशिक्यांचं काम. नऊ वर्षांत हात असा तयार झाला होता की कुठे थांबायचं हे त्याचं त्यालाच कळायचं.

काकांचीही सुरुवात ठरलेली असायची. खुर्चीत ताठ बसायचे, दोन्ही मुठी गुडघ्यांवर, लगाम धरल्यासारख्या. मग सहा नावं म्हणायचे. त्यांच्या तोफेच्या सहा घोड्यांची. पहाटे पागेत शिरताना अशीच हजेरी घ्यायची पद्धत होती, आधी पुढची जोडी, मग मधली, मग मागची. प्रत्येक जोडीत आधी डावा, मग उजवा. ती घेतल्याशिवाय त्यांना पुढचं काही आठवत नसे. तेवढा वेळ मी खिडकीबाहेर पाहायची. बर्फ असायचं, किंवा लायलॅक. पेन पॅडशेजारी ठेवलेलं असायचं. काकांना ते दिसत नव्हतं.

२००६च्या जानेवारीत मजकूर पुरा झाला. एकतीस पानं मी टाइप केली, तीनदा तपासली. त्याच महिन्यात काकांना अर्धांगाचा झटका आला. लहान होता. डावा हात थोडा जड झाला, बोलणं थोडं सावकाश. करीनने ठरवलं की आता त्यांनी एकटं राहायचं नाही. मार्चमधल्या एका शनिवारी ती त्यांना न्यायला येणार होती. आदल्या गुरुवारी मी सगळा मजकूर वाचून दाखवायचं ठरलं. काका हो म्हणाले की दुसऱ्या दिवशी पाकीट स्वीडनला. खोलीत खोकी रचलेली होती. पातेली बांधून झाली होती, त्यामुळे सूप नव्हतं.

मी वाचायला सुरुवात केली. रेजिमेंट कोणत्या राजाने उभारली, कुठे, किती तोफांनिशी.

काकांनी हात वर केला. "सुरुवातीपासून वाच."

"ही सुरुवातच आहे, काका."

"आधी ते."

"कोण?"

"घोडे, रेडाक्तर. मी दर गुरुवारी आधी त्यांना आणलं."

"घोडे नवव्या पानावर आहेत," मी म्हणाले आणि पान काढून वाचलं. प्रत्येक तोफेला सहा घोडे, डावीकडच्या तिघांवर स्वार.

"सहा हा आकडा झाला. नावं?"

"तुम्ही आता सांगा. मी अगदी वर टाकते." मी पेन उचललं.

काकांनी मुठी गुडघ्यांवर ठेवल्या. "फ्लिंगा. ब्रीस," ते म्हणाले. ही पुढची जोडी. मग थांबले. "रूबेन." रूबेन त्यांचा स्वतःचा, मधल्या जोडीतला डावा. मग ओठ हलले आणि काही आलं नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा रूबेनपाशी थांबले. फ्रिज सुरू झाला. त्यांचाही आमच्यासारखाच होता.

"वाच तू," ते म्हणाले. "तुझ्याकडे आहेत."

"माझ्याकडे नाहीत."

"आहेत. तू लिहिलीस म्हणून तर मी रोज म्हणायचं सोडलं."

"मी लिहिली नाहीत, काका."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"का?"

जे खरं होतं तेच मी सांगितलं. "बातमीला ज्याची गरज नसते ते आमच्याकडे घेत नाहीत."

काका माझ्या खांद्याकडे पाहत राहिले. "चांगलं वर्तमानपत्र असणार," ते म्हणाले. आवाजावरून टोमणा होता की नव्हता ते कळलं नाही.

"माणसांची नावं कुठल्या तरी कचेरीत सापडतील," मग ते म्हणाले. "पगारपत्रक असतं, कबर असते. घोड्यांचं कुठे काही नसतं. तेवढ्यासाठी मी हे करत होतो. बाकीचं कोणीही सांगितलं असतं."

दोन वर्षं ती नावं माझ्या कानांवरून गेली होती. मी डोळे मिटले. नाव नाही पण चाल आठवली, तिसऱ्या नावानंतर आवाज थोडा चढायचा. त्या चढावर एक अक्षर होतं, ब. "ब्ले..." मी म्हणाले.

"ब्लेंडा!" काका जवळजवळ ओरडले. मधल्या जोडीतली उजवी. तासाभराने त्यांना आपण होऊन ओस्का आठवली, मागच्या जोडीतली डावी. त्यांच्या भाषेत ओस्का म्हणजे मेघगर्जना. तिला मेघगर्जनेची भीती वाटायची, काका म्हणाले. मी ते लिहून घेतलं.

सहावं येईना. मागच्या जोडीतला उजवा. मी ए पासून एकेक अक्षर म्हटलं, त्यांच्या वर्णमालेतल्या शेवटच्या, दोन टिंबांच्या ओ पर्यंत. प्रत्येक अक्षरावर काका थोडे पुढे वाकायचे आणि मग मागे टेकायचे. बाहेर अंधार पडला. मिलिंदचा फोन आला, "जेवायला येतेस ना?" मी म्हणाले, "थांब." तो थांबला, मग फोन ठेवला.

"जागा कोरी ठेव," शेवटी काका म्हणाले.

"छापणारे ओळ वर ओढतील. कोरी जागा कोणी ठेवत नाही."

"ओढू देत. तू ठेव. सपाट रस्त्यावर पुढचे घोडे ओढतात, त्यांचं कौतुक होतं. उतारावर तोफ अंगावर येते, तेव्हा मागची जोडी ती अडवते. अर्धा भार त्याच्यावर असायचा. काळा होता. कान पांढरा. एकच. हे आठवतं."

शनिवारी करीन आली. पन्नाशीची, उंच, घाईतली. बर्फाचे ढीग काळपट झाले होते आणि गाडीच्या चाकांखाली कुरकुरत होते. काकांनी माझा हात हातात घेतला, मग खांद्यावर दोनदा थोपटलं, खरारा करून झाल्यावर घोड्याला थोपटतात तसं. रागावले होते का, ते मी विचारलं नाही. गाडी वळली आणि त्यांनी काचेतून हात हलवला, मी जिथे उभी होते त्याच्या थोडं डावीकडे.

नंतरचं थोडक्यात. २००७मध्ये मिलिंदचं ट्रॉयमधलं काम सुटलं आणि आम्ही कॅरीला आलो. त्याच वर्षीच्या शरदात करीनचं कार्ड आलं, काका गेले. शेवटचे काही महिने वृद्धाश्रमात होते. कार्डाच्या तळाशी तिचा नंबर होता. मी फोन केला नाही.

एप्रिलमध्ये पुस्तक हातात आल्यावर मी आमचं प्रकरण उघडलं. ते घोड्यांपासून सुरू होत होतं. पाच ओळींत पाच नावं, मग एक कोरी ओळ, मग मजकूर. स्वीडनमधल्या कुणा अनोळखी माणसाने ती ओळ वर ओढली नव्हती. मी करीनला फोन लावला.

"ओ, हाय! बुक आलं? मलाही आलं," ती म्हणाली. आमचं बोलणं इथे मराठीत देते आहे. "बाकीचं मला कुठे कळतंय, पण डॅडचं चॅप्टर वाचलं. सुंदर केलंस. ती ब्लँक लाइन, ती प्रिंटिंगची मिस्टेक आहे ना?"

"नाही. ते एका घोड्याचं नाव आहे," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. पेन खाली ठेवल्याचंही.

पलीकडे पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"थांब," करीन म्हणाली. "होममध्ये डॅड रोज सकाळी काही तरी म्हणायचे. खुर्चीत ताठ बसून, हात गुडघ्यांवर. मला वाटायचं, स्वीडिशमध्ये आकडे मोजतायत."

"किती?"

"सिक्स. नेहमी सिक्स. आधी आधी पाचवर अडकायचे आणि चिडायचे. मग एक दिवस सहा झाले, आणि त्यानंतर रोज. नर्स टाळ्या वाजवायची. गुड जॉब निल्स, सिक्स!"

"सहाच? नक्की?"

"नक्की. तिच्या टाळ्यांचा मला राग यायचा. म्हणून लक्षात आहे."

"कोणी लिहून घेतलं का?"

"मोजणं?" तिला खरोखरच कळलं नाही. "ते कशाला कोणी लिहून घेईल?"

"बरोबर आहे," मी म्हणाले.

मग करीन बोलत राहिली. तिच्याकडच्या तळ्यावरचं बर्फ अजून फुटलेलं नाही. शेजाऱ्याचा कुत्रा रोज तिच्या पायरीवर येऊन बसतो, लंगडा आहे, नाव बस्टर. तिचा गुडघा दुखतो. डॅडचे दोन स्वेटर कपाटात आहेत, काय करावं सुचत नाही. त्यात बातमी नव्हती. मी पॅड पुढे ओढलं आणि सगळं लिहून घेतलं.